एसवायबीएस्सी: गणित मेजर नक्की, मायनर फिजिक्स की स्टॅट्स? आणि पुढच्या दोन वर्षांचा प्लॅन कसा करायचा?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात आहे, पुणे विद्यापीठाशी संलग्न. एफवाय झालं. आमच्या नवीन पॅटर्नमधे पहिल्या वर्षाला तीन विषय सारख्याच वजनाचे होते, माझे गणित, फिजिक्स आणि स्टॅट्स. आता एसवायला जाताना त्यातला एक मेजर (मुख्य विषय) करायचा, एक मायनर (जोडविषय) आणि तिसरा सोडून द्यायचा. मेजर गणितच, त्याबद्दल घरी सगळं बोलून झालंय. अडलंय ते मायनरवर. फॉर्म पुढच्या आठवड्यात भरायचाय आणि एकदा भरला की बदलता येत नाही म्हणतात.

फिजिक्स मला आवडतं पण प्रॅक्टिकलमधे दुपार जाते. स्टॅट्सला मार्क चांगले आहेत. वर्गातल्या बहुतेकांनी टाइमटेबल बघून ठरवलंय, ज्यात शनिवार मोकळा मिळतो ते. मला पुढे एमएस्सी करायचंय, जमलं तर आयआयटीतून, म्हणजे जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यायचीय. आणि दुसरा प्रश्न, आता चार वर्षांची ऑनर्स डिग्री आलीये तर तीन वर्षांनी बाहेर पडून एमएस्सी करावं की चौथं वर्ष इथेच करावं? आमच्याकडे गणिताला दोनच सर आहेत, दोघं फार चांगले आहेत पण त्यांच्यावर लोड खूप आहे. तिसरं म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), सीसी (को-करिक्युलर) या सगळ्या डब्यांत काय भरायचं ते कळत नाहीये. कोणी गणितात पुढे गेलेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

शून्य_ते_एक
मी मुंबईत एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जॅम देऊनच आलोय, त्यामुळे आधी त्याबद्दल सांगतो कारण प्लॅन सगळा त्या तारखेवरून मागे मोजत यायचा असतो.

जॅम फेब्रुवारीत असते. म्हणजे तू टीवायला असशील तेव्हा सहावं सेमिस्टर नुकतंच सुरू झालेलं असेल. आणि फॉर्म त्याच्या आधी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला भरायचा असतो, म्हणजे पाचव्या सेमिस्टरच्या मधेच. तर प्रत्यक्षात तुझ्या हातात पाच सेमिस्टर असतात, सहा नाही. पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० मार्क. गणिताच्या पेपरात रियल अ‍ॅनालिसिस, दोन-तीन चलांचं कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जेब्रा आणि ग्रुप थिअरी. रिंग नाही, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस नाही, टोपोलॉजी नाही. आता तुझ्या विद्यापीठाच्या सिलॅबसची पीडीएफ काढ आणि या पाच गोष्टींच्या पुढे कुठल्या सेमिस्टरला येतात ते लिही. ग्रुप थिअरी किंवा अ‍ॅनालिसिसचा मोठा भाग पाचव्या-सहाव्याला असेल तर तो तुला आधी स्वतःहून करावा लागणार, वर्गात शिकवतील म्हणून थांबलीस तर पेपर होऊन गेलेला असेल. हे आमच्या बॅचमधल्या खूप जणांच्या लक्षात टीवायच्या दिवाळीत आलं होतं.

मायनरबद्दल, जॅमसाठी दोन्हीचा थेट उपयोग नाही. पण तुला मॅथेमॅटिकल स्टॅट्सचा दुसरा पेपरही द्यायचा असेल तर स्टॅट्स मायनर म्हणजे अर्धी तयारी होते. जॅममधे दोन पेपर देता येतात, वेळापत्रक जुळत असेल तर.

मिरजेचे_मास्तर
मी गणित शिकवायचो, आता निवृत्त आहे. गोदाकाठ, प्रश्न नीट विचारलास, आणि टाइमटेबल बघून विषय घेत नाहीस हे वाचून फार बरं वाटलं.

शून्य_ते_एक यांनी तारखांचं सांगितलं ते बरोबर आहे, मी विषयांच्या क्रमाबद्दल लिहितो कारण तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते कोणी मुलांना सांगत नाही. बीएस्सी गणितात पेपरांची नावं वीस-पंचवीस असली तरी पाया दोनच विषयांचा आहे, लिनिअर अल्जेब्रा आणि रियल अ‍ॅनालिसिस. बाकी सगळं यांच्यावर उभं राहतं. दोन चलांच्या फंक्शनचा मॅक्सिमा-मिनिमा काढताना ती दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची टेस्ट मुलं पाठ करतात, आर टी वजा एस वर्ग म्हणून, पण ती हेसियन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंच्या चिन्हांची गोष्ट आहे हे लिनिअर अल्जेब्रा आधी झालेलं असेल तरच दिसतं. डिफरन्शियल इक्वेशन्सची सिस्टिम सोडवायची म्हणजे मॅट्रिक्स डायगोनलाइज करता येते का हेच बघायचं. आणि अ‍ॅनालिसिस नसेल तर पुढचं कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, मेट्रिक स्पेस, टोपोलॉजी हे नुसते शब्द राहतात.

म्हणून माझं सांगणं असं की चौथं सेमिस्टर संपेपर्यंत हे दोन विषय तुझे स्वतःचे झाले पाहिजेत, सिलॅबसमधे ते कुठेही असोत. आणि स्वतःचे झाले म्हणजे काय हे कसं ओळखायचं? साधी परीक्षा सांगतो. कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी यांच्या व्याख्या कागदावर न बघता लिही. दोन्हींत एप्सिलॉन आहे, डेल्टा आहे, शब्द जवळजवळ तेच आहेत. फरक फक्त एवढा की डेल्टा बिंदू बघून निवडायचा की सगळ्या बिंदूंना मिळून एकच निवडायचा. म्हणजे ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक आहे’ यांचा क्रम बदलला. आता एक्स वर्ग हे फंक्शन सगळ्या रियल लाइनवर कंटिन्युअस आहे पण युनिफॉर्मली नाही आणि शून्य ते एक या बंद इंटर्व्हलवर मात्र आहे, हे स्वतःच्या वाक्यांत कोणाला तरी समजावून सांग. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तरी चालेल, महिनाभरात जमायला हवं. हे ज्याला आलं त्याला पुढच्या अ‍ॅनालिसिसची भीती वाटत नाही, माझ्या वर्गात मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय.

आणि दुसरं, सोडवलेली उदाहरणं वाचून गणित येत नाही. थिअरमचं विधान वाचायचं, पुस्तक मिटायचं, अर्धा तास स्वतः झटायचं, मग प्रूफ बघायचं. वेळ लागतो. लागू दे.

फिजिक्सवाली
मी फिजिक्सची बाजू मांडते, नाहीतर सगळे स्टॅट्सकडेच जातील :) फिजिक्स मायनर घेतलं तर तुझं गणित कोरडं राहणार नाही. व्हेक्टर कॅल्क्युलसमधलं स्टोक्सचं थिअरम गणिताच्या पेपरात तीन पानांचं प्रूफ असतं, इलेक्ट्रोमॅग्नेटिझममधे तेच रोज वापरायला लागतं आणि मग ते आतून कळतं. पुढे क्वांटमपर्यंत पोचलीस तर तिथे हर्मिशियन ऑपरेटर, आयगेनव्हॅल्यू, इनर प्रॉडक्ट हेच सगळं आहे. मी स्वतः फिजिक्सवाली असूनही लिनिअर अल्जेब्राच्या प्रेमात तिथेच पडले. डिफरन्शियल इक्वेशन्स, पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स), डायनॅमिकल सिस्टिम्स या बाजूला जायचं मनात असेल तर फिजिक्स सोडू नकोस असं मी म्हणेन.

पण प्रॅक्टिकलचं खरं आहे. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमधे ३० तास, थिअरीचा १५. जर्नल, रीडिंग्ज, सह्या यांत वेळ जातो. जर तुला जॅमसाठी आतापासून रोज दोन तास काढायचे असतील तर ते हिशेबात धर.

आकडेमोड
मी सरकारी सांख्यिकी विभागात आहे, स्टॅट्सवाली बाजू सांगतो. एक गोष्ट जी मुलांना कॉलेजात कधीच कळत नाही ती म्हणजे यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची (आयएसएस) परीक्षा. तिच्यासाठी पदवीला स्टॅटिस्टिक्स हा एक विषय असावा लागतो, किंवा मग स्टॅट्समधलं मास्टर्स. फक्त गणिताच्या पदवीवर बसता येत नाही. तुझ्या डिग्रीत स्टॅट्स मायनर राहिलं तर ते दार उघडं ठेवता येईल, मात्र जाहिरात निघेल त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमधली पात्रतेची ओळ शब्द न् शब्द वाचायची आणि मार्कशीटवर विषयाचं नाव काय छापून येतंय तेही आत्ताच बघून ठेवायचं. याच जातीची आणखी पदं आहेत राज्यात आणि केंद्रात.

आणि गणिताच्या दृष्टीनेही स्टॅट्स म्हणजे दुय्यम प्रकरण नाही हो. कोव्हेरियन्स मॅट्रिक्स पॉझिटिव्ह सेमी-डेफिनिट का असते, रिग्रेशन म्हणजे एका सबस्पेसवर टाकलेलं प्रोजेक्शन कसं आहे, सेंट्रल लिमिट थिअरममधे ‘कन्व्हर्ज होतं’ म्हणजे नक्की कुठल्या अर्थाने, हे सगळं गणितच आहे. नंतर प्रोबॅबिलिटीत जायचं असेल तर मेझर (measure) थिअरी लागते आणि ती अ‍ॅनालिसिसवरच उभी आहे. कोलकात्याच्या आयएसआयमधे (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बीस्टॅट आणि बंगळुरूला बीमॅथ चालतात, तिथे हे दोन विषय शेजारी शेजारीच शिकवतात.

नाशिकचा_पालक
माझा मुलगा बारावीला आहे म्हणून वाचतोय. गणित घेऊन बीएस्सी केलं तर पुढे काय, हा प्रश्न आमच्याही घरात आहे. सगळे म्हणतात इंजिनिअरिंगला टाका. आणि एक कळत नाहीये, हे चार वर्षांचं आता सक्तीचं आहे का? मधेच सोडलं तर वर्ष वाया जातं का?

मिरजेचे_मास्तर
@नाशिकचा_पालक, सक्ती नाही. एका वर्षाने बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा (या दोन्हींसाठी वर चार क्रेडिटचा एखादा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते), तीन वर्षांनी नेहमीची बीएस्सी, चार वर्षांनी ऑनर्स. आपल्याकडे सेमिस्टरला २२ क्रेडिट धरले तर तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६. स्वायत्त कॉलेजांत हे २०२३-२४ पासून आलं आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. मिळवलेले क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधे सात वर्षं राहतात, त्यामुळे मधे थांबून परत येता येतं.

मुलाला गणित खरंच आवडत असेल तर बारावीनंतर फक्त जवळच्या कॉलेजचा विचार करू नका, चार-पाच फॉर्म भरा. चेन्नईजवळ सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आहे, तिथली बीएस्सी गणित आणि कॉम्प्युटर सायन्स अशी जोडून आहे. आयएसआय वर आलंच. पुण्यात आयसर ही विज्ञानाची केंद्रीय संस्था. आणि आपल्या मुंबईत कालिना कॅम्पसवर मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं मिळून सीईबीएस हे मूलभूत विज्ञानांचं केंद्र आहे, तिथे पाच वर्षांचं एमएस्सी, नेस्ट परीक्षेतून, गणिताची शाखा आहे. मराठी मुलं इतक्या जवळ असूनही तिथे कमी दिसायची याची मला कायम चुटपुट वाटत आली. सीएमआय आणि आयएसआयच्या प्रवेश परीक्षेत प्रूफ लिहायला लावतात, जेईईच्या तयारीपेक्षा ती वेगळी असते, त्यामुळे जुने पेपर त्यांच्या साइटवरून काढून अकरावीपासूनच बघायला लागा.

गोदाकाठ
बापरे इतके प्रतिसाद, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मास्तर सर, तुम्ही म्हणालात तसं युनिफॉर्म कंटिन्युइटीचं मैत्रिणीला समजावून बघितलं, एक्स वर्गचं मला मधेच अडलं, मग कळलं की जसजसे पुढे जाऊ तसतसा डेल्टा लहान लहान करावा लागतो आणि त्याला खाली थांबायला जागाच नाही. असंच ना?

सिलॅबस काढला. लिनिअर अल्जेब्रा एसवायला आहे, अ‍ॅनालिसिसचा थोडा भाग झालाय आणि बाकी टीवायला. ग्रुप थिअरी टीवायला. म्हणजे शून्य_ते_एक दादा म्हणतात तसं मला ग्रुप थिअरी आधीच करायला लागणार. पण एसवायला २२ क्रेडिट बघितले तर गणिताचे त्यात फार थोडे दिसतायत, बाकी काय काय आहे, याचं करायचं काय?

मिरजेचे_मास्तर
अगदी असंच. आता तेच चिन्हांत लिही: कुठलाही डेल्टा घे, एक्स आणि एक्स अधिक डेल्टा भागिले दोन हे दोन बिंदू घे, वर्गांतला फरक काढ, आणि एक्स मोठा केला की तो फरक एकाच्या वर जातो हे दाखव. झालं प्रूफ.

क्रेडिटचं बरोबर पाहिलंस. दुसऱ्या वर्षी २२ पैकी मेजरचे साधारण आठ आणि मायनरचे चार. उरलेले दहा ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, भाषा, फील्ड प्रोजेक्ट, को-करिक्युलर असे दोन-दोनच्या तुकड्यांत. नेमकं तुझ्या पीडीएफमधे बघ. पूर्वी एसवायला मुलं गणितात जास्त वेळ द्यायची, आता आठवडा तुकड्यांत जातो, आणि हे मला मनापासून खटकतं कारण सलग विचार केल्याशिवाय गणित होत नाही. पण आहे त्यातून वाट काढायची. व्हीएससी मेजरशी जोडलेलं असतं, तिथे पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) किंवा सेजमॅथसारखं (गणिताचं सॉफ्टवेअर) काही मिळत असेल तर डोळे झाकून घे. लॅटेक्स (गणित टाइप करायचं सॉफ्टवेअर) शिकवत असतील तर तेही, प्रोजेक्ट लिहायला लागतंच. फील्ड प्रोजेक्ट गणिताच्याच सरांकडे माग. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या फॅकल्टीचंच घ्यावं लागतं, म्हणजे कॉमर्स किंवा आर्ट्सचं, तिथे मनापासून आवडेल असं काहीतरी घे, इतिहास घे, अर्थशास्त्र घे. मात्र जो विषय प्रत्यक्षात शिकवला जातो तोच घे, यादीत असतो पण मुलं कमी आली म्हणून चालवत नाहीत असं खूप होतं. आधी ऑफिसात आणि सीनियर्सना विचार.

पाटीपेन्सिल
ऑफिसचा विषय निघाला म्हणून लिहिते, मी मागच्या वर्षी यातून गेलेय. आमच्या कॉलेजात (नाव लिहीत नाही) मी मायनर स्टॅट्स घेतलं होतं, तासांना बसले, इंटर्नलला मार्क मिळाले आणि परीक्षेचा फॉर्म आला तेव्हा त्यात दुसऱ्याच विषयाचा कोड. सबमिट करायच्या आधी दिसलं म्हणून बरं, नाहीतर लेट फी आणि विद्यापीठात खेटे. तर गोदाकाठ, परीक्षेचा अर्ज आला की प्रत्येक पेपरचा कोड सिलॅबसच्या पीडीएफशी जुळवून बघ, नाव सारखं असतं आणि कोड थिअरीचा की प्रॅक्टिकलचा यात घोळ होतो. कॉलेजला दिलेल्या विषय-निवडीच्या फॉर्मचा सहीशिक्क्यासकट फोटो काढून ठेव. एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या बँकेचा) डिजिलॉकरमधून काढलेला असेलच, त्यावरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव स्पेलिंगसकट एकच आहे ना ते बघ, वडिलांचं नाव मधे आहे-नाही एवढ्यावरूनही क्रेडिट चढायचे राहतात. हे सगळं कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचंय.

आणि सीनियर मुलींचे नंबर घेऊन ठेव. आमच्या डिपार्टमेंटला नोटीस बोर्डापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी कळतं.

बॉनवासी
मी मूळची कोल्हापूरची, गेली काही वर्षं जर्मनीत बॉनला गणितातच आहे. इथलं बघून एक सांगावंसं वाटतं.

इथे बॅचलरला पहिल्याच सेमिस्टरला अ‍ॅनालिसिस एक आणि लिनिअर अल्जेब्रा एक, दोन्ही नऊ-नऊ क्रेडिटचे. बारावीसारखं कॅल्क्युलस आधी आणि प्रूफ मग असं नाहीच, पहिल्या दिवसापासून प्रूफ. दर आठवड्याला एक प्रश्नांचा कागद मिळतो, तो सोडवून द्यायचा, आणि सेमिस्टरभरात साधारण निम्मे पॉइंट मिळाले तरच परीक्षेला बसू देतात. पोरं लायब्ररीत दोघं-तिघं बसून त्या कागदावर डोकं फोडत असतात. मास्तर सर जे सांगतायत, चौथ्या सेमिस्टरपर्यंत हे दोन विषय स्वतःचे करा, ते तंतोतंत पटलं. तिकडे तो कागद कोणी देत नाही तर स्वतःच स्वतःला द्यायचा: दर शनिवारी चार प्रश्न, दोघींनी मिळून, पूर्ण वाक्यांत लिहून, आणि सरांकडून महिन्यातून एकदा तपासून घ्यायचे. दोन सर आहेत म्हणालीस, लोड आहे म्हणालीस, तरी एक कागद तपासायला नाही म्हणणारे गणिताचे सर मी तरी पाहिले नाहीत.

दुसरं, पुढे बाहेर यायचं असेल तर. इथे मास्टर्सला तुमचे टक्के बघतातच पण त्याआधी बघतात की अ‍ॅनालिसिस किती केलं, अल्जेब्रा किती केलं, आणि त्यासाठी प्रत्येक कोर्सचं वर्णन मागतात. त्यामुळे तुमच्या वर्षाच्या सिलॅबसची पीडीएफ आजच सेव्ह करून ठेव, पॅटर्न बदलला की साइटवरून जुनी गायब होते. इथलं क्रेडिट वेगळं, बॅचलरचे १८० असतात आणि एक क्रेडिट म्हणजे घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तास, आपलं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, त्यामुळे आकड्याला आकडा लावून घाबरू नकोस. भारतीय मुलांना आता एपीएस सर्टिफिकेटही (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, ते आधीच करून घ्यायचं.

नाशिकचा_पालक
बॉनवासी ताई, छान माहिती. फी किती असते हो तिकडे?

बॉनवासी
बॉनसारख्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नसते, सेमिस्टरला काही शे युरो वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्यात मात्र युरोपाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत. खरा खर्च राहण्याचा, आणि व्हिसासाठी वर्षाची रक्कम आधी खात्यात दाखवावी लागते. पण हे त्या मुलीच्या धाग्यावर नको, तुम्ही वेगळा धागा काढा, मी लिहीन.

शून्य_ते_एक
चौथ्या वर्षाचं राहिलं. माझं मत स्पष्ट आहे, जॅम निघाली किंवा चांगल्या विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला लागलीस तर तीन वर्षांनी बाहेर पड आणि दोन वर्षांचं एमएस्सी कर. ऑनर्स करून एक वर्षाचं एमएस्सी हा रस्ता कागदावर तेवढ्याच वर्षांचा आहे, पाचच, पण तुझं चौथं वर्ष कुठे जातंय हा प्रश्न आहे. चौथ्या वर्षाला जे पेपर येतात ते एमएस्सी पहिल्या वर्षाच्या तोडीचे असतात आणि दोन सरांनी बीएस्सीचा सगळा भार सांभाळून ते शिकवायचे म्हणजे त्यांच्यावरही अन्याय. रिसर्चवालं ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात आणि डिपार्टमेंटला पीएचडीचे गाईड असावे लागतात.

मिरजेचे_मास्तर
मी इथे थोडा वेगळा आहे. बाहेर जाणं प्रत्येक मुलीला परवडतं असं नाही, घरचे पाठवतात असंही नाही. चौथं वर्ष जिथे नीट चालतं अशा जिल्ह्याच्या मोठ्या कॉलेजात क्रेडिट घेऊन बदली करून जाता येतं का ते बघ, हा मधला मार्ग आहे. पण सध्याच्या कॉलेजात फक्त सोयीसाठी चौथं वर्ष, याला माझाही नकारच.

आणि या दोन-तीन वर्षांत कॉलेजबाहेरच्या काही गोष्टी आत्ताच कॅलेंडरवर लिही. एमटीटीएस नावाचा उन्हाळी कार्यक्रम आहे, १९९३ साली प्रा. कुमरेसन यांनी सुरू केला, बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना चार-चार आठवडे नुसतं गणित. तिथे शिक्षक उत्तर सांगत नाहीत, प्रश्न विचारत राहतात. माझे काही विद्यार्थी जाऊन आले आणि परत आल्यावर वर्गात त्यांची बसण्याची पद्धत बदललेली होती. दुसरी माधव गणित स्पर्धा, पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा केंद्र मिळून घेतात, पदवीच्या मुलांसाठीच आहे. नंबर येवो न येवो, त्या प्रश्नपत्रिका सोडवण्यासारख्या आहेत. आणि पुण्याला कधी आलीस तर भास्कराचार्य प्रतिष्ठानात जा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मधे सुरू केलेली संस्था, लायब्ररी बघ, तिथल्या व्याख्यानांची चौकशी कर.

पाटीपेन्सिल
स्वयम-एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्सचं कोणी लिहिलं नाही. कोर्स फुकट असतात, जानेवारी आणि जुलैला सुरू होतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी. १२ आठवड्यांचा कोर्स म्हणजे तीन क्रेडिट. यूजीसीच्या नियमाने ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे घेता येतात पण आधी कॉलेजची लेखी परवानगी घ्यायची, नंतर सर्टिफिकेट घेऊन गेलं की मान्य करत नाहीत. गोदाकाठ, ग्रुप थिअरी आधी करायचीच आहे तर या जुलैला तिथे अल्जेब्राचा कोर्स लागलाय का बघ. क्रेडिट मिळाले नाहीत तरी दर आठवड्याची असाइनमेंट असते, त्याने शिस्त लागते. भाषा इंग्रजी, पण गणिताचं इंग्रजी महिन्याभरात सवयीचं होतं.

फिजिक्सवाली
+१. आणि फिजिक्स सोडलंस तरी राग नाही :)

गोदाकाठ
सगळं दोनदा वाचलं, वहीत उतरवलं. आईलाही वाचून दाखवलं, आकडेमोड काकांचं आयएसएसचं ऐकून तिला फार बरं वाटलं.

ठरवलंय ते असं. मायनर स्टॅट्स. फिजिक्स सुटतंय याचं वाईट वाटतंय पण दुपार मोकळी मिळाली तर ती ग्रुप थिअरी आणि अ‍ॅनालिसिसला देता येईल, आणि दोन चलांच्या कॅल्क्युलसनंतर फिजिक्सवाली ताईंना विचारून इलेक्ट्रोमॅग्नेटिझम स्वतः वाचेन. व्हीएससीला पायथन आहे असं सीनियरने सांगितलं, ते घेतेय. ओपन इलेक्टिव्हला अर्थशास्त्र, ते खरंच चालवतात. शनिवारचे चार प्रश्न आम्ही तिघी मैत्रिणी मिळून करणार आहोत, सरांना आज विचारलं, ते म्हणाले पंधरा दिवसांनी आणा, महिना कशाला. चौथ्या वर्षाचं टीवायला जॅमच्या निकालावर ठरवेन.

एकच राहिलं, पहिल्या शनिवारसाठी चार प्रश्न कोणी देईल का?

मिरजेचे_मास्तर
घे. पहिला, वर दिलेलं एक्स वर्गचं प्रूफ पूर्ण वाक्यांत. दुसरा, शून्य ते अनंतपर्यंत वर्गमूळ एक्स युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे हे दाखव, त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी अनंताकडे जातं तरीसुद्धा. तिसरा, दोन सबस्पेसचं युनियन सबस्पेस असेल तर त्यातली एक दुसरीच्या आत असलीच पाहिजे. चौथा, ज्या ग्रुपमधे प्रत्येक घटकाचा वर्ग आयडेंटिटी आहे तो ग्रुप कम्युटेटिव्ह असतो. चौथ्याला ग्रुपची व्याख्या सोडून काहीही लागत नाही, एवढ्यावर सुरुवात करा. उत्तरं इथे टाकलीत तर मी तपासीन.